यान मोडलं ते बरोबर केलं

मला सिनेमा आवडला, एवढंच मी बोलले होते. कुणाला दुखवायचं म्हणून बोलले नव्हते. पण कुणी दुखावलं म्हणून माफी मागावी असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आता हे लिहितानाही वाटत नाही.

आधी सिनेमाचं सांगते, कारण ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांना पुढचं कळायचं नाही. एक भलंमोठं यान आहे. त्यात बसून माणसं आकाशातून चालली आहेत, राहण्याजोगी जमीन शोधत. यानाची कप्तान एक बाई आहे. पहिल्या भागात ती विशीची पोर होती, नव्या भागात तिचे केस पांढरे झाले आहेत. प्रत्येक भागात शत्रू पाठीमागे लागतो, यानाला भोक पडतं, कुणीतरी चांगला माणूस मरतो आणि यान निसटतं. जमीन काही मिळत नाही. चाळीस वर्षं लोकांनी हे पाहिलं. त्या यानाची खेळणी निघाली, दप्तरं निघाली, चादरी निघाल्या. माझ्या नातीने तर मनगटावर ते यान गोंदवून घेतलं आहे. तिच्या बापाला ते फुल बाह्यांमुळे दोन महिने दिसलं नाही.

नव्या भागात जमीन मिळते. माणसं उतरतात. बाहेर थंडी आहे, वारा आहे आणि डोक्यावर छप्पर नाही. तेव्हा कप्तान पाना घेऊन यानाकडे जाते आणि पहिला पत्रा स्वतःच्या हाताने उतरवते. मग बाकीचे लागतात. यान मोडून त्याची घरं होतात, चुली होतात, पाण्याच्या टाक्या होतात. शेवटी नुसता सांगाडा उरतो आणि त्यावर पोरं चढून खेळतात. संपला सिनेमा.

नोएडाच्या मॉलमधल्या त्या हॉलमध्ये, पहिल्या दिवशी सकाळच्या खेळाला, लोक हुंदके देत होते. मोठी माणसं, दाढ्या वाढवलेली. एक जण उभा राहून ओरडला, "ये क्या बकवास है!" मी मात्र तो पहिला पत्रा निघाला तेव्हा "बरोबर" म्हटलं होतं. जरा मोठ्यानेच म्हटलं असेन, कारण पुढच्या रांगेतल्या मुलाने वळून माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच पाना दिला.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. शाळा चौथीपर्यंत. माहेर कऱ्हाडच्या बाजूचं. लग्न होऊन दिल्लीला आले ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. यजमान एका मंत्रालयात कारकून होते. आता ते नाहीत. मी नोएडाला मुलाकडे असते, अकराव्या मजल्यावर.

एवढी कमी शिकलेली बाई इंग्रजी सिनेमाच्या नादाला कशी लागली, असं पुष्कळजण विचारतात. यजमानांमुळे लागली. त्यांना इंग्रजी सिनेमे आवडत. ऑफिसमध्ये त्यांच्याबरोबरचे लोक बायकांना हिंदी सिनेमाला नेत. हे मला कनॉट प्लेसला इंग्रजीला नेत आणि अंधारात माझ्या कानात सगळं मराठीत सांगत. "हा तिला म्हणतोय, निघ आता, वेळ नाही." "ती म्हणते, तुम्हाला सोडून जाणार नाही." मागचे लोक चिडायचे, "भाईसाब, कमेंट्री बंद करो." हे थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा सुरू. यानाचे जेवढे भाग त्यांच्या हयातीत आले तेवढे मी असेच पाहिले, डोळ्यांनी पडद्यावर आणि कानांनी त्यांच्या तोंडून.

आणि पाहून आले की दुसऱ्या दिवशी मी ती गोष्ट क्वार्टरच्या बायकांना सांगायची. थंडीत दुपारी आम्ही सगळ्या लॉनवर उन्हाला बसायचो, कुणी स्वेटर विणतंय, कुणी मटार सोलतंय. त्यात बंगाली होत्या, मद्रासी होत्या, एक गढवालची होती. माझं हिंदी तेव्हाही धड नव्हतं, पण यानाची गोष्ट त्यांना कळायची. पहिल्या भागात कप्तान पोरीचा बाप तिच्या हातात यानाची किल्ली देतो आणि स्वतः शत्रूच्या गोळीने मरतो, हे सांगितलं तेव्हा गढवालच्या बाईच्या हातातली सुई थांबली होती.

हे सांगायचं कारण पुढे येईल.

तर नवा सिनेमा संपला आणि आम्ही बाहेर आलो. माझी नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. यानाच्या चाहत्यांचा दिल्लीत एक ग्रुप आहे, त्यात ती तीन वर्षं आहे. हॉलच्या दारात उभं राहून लोकांना सिनेमा कसा वाटला ते विचारायचं आणि फोनवर त्याचे व्हिडिओ काढून ग्रुपच्या पानावर टाकायचे, हे तिचं काम. त्या दिवशी जो तो रडत होता नाहीतर शिव्या देत होता. "हमारा बचपन तोड़ दिया." "डायरेक्टर को जेल में डालो." "दुबारा बनाओ." मी बाकावर बसून पाय चोळत होते.

"आजी, तू पण बोल ना," नात म्हणाली. "मजा येईल यार."

"माझं काय?"

"जे वाटलं ते. हिंदीत बोल फक्त."

मी बोलले. शब्दन्शब्द आठवतोय, कारण नंतर तो मला शंभरदा ऐकवण्यात आला. "रो क्यों रहे हो? पहुँच गए ना? अब बच्चों को ठंड में कहाँ सुलाती, तुम्हारी टी-शर्ट में? उसके बाप का जहाज़ था, उसने तोड़ दिया. तुम्हारा क्या गया?"

नात खूप हसली. तिने तो व्हिडिओ टाकला. संध्याकाळपर्यंत तिचा फोन टेबलावर नुसता थरथरत होता. निम्मे लोक माझ्या बाजूने हसत होते. निम्मे मला शिव्या देत होते. नात एकेक वाचून दाखवत होती आणि मधले काही गाळत होती, ते मला तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"गाळू नकोस," मी म्हटलं.

"'इस बुढ़िया को अंदर किसने आने दिया.'"

"तिकीट होतं माझ्याकडे. पुढे."

"'पैसे लेकर बोल रही है.'"

"कोण देतंय ते विचार, घ्यायला येते. पुढे."

"'बाप का जहाज़? इसने एक भी पार्ट नहीं देखा.'" नात थांबली. "आजी, हे मात्र बरोबर आहे हां. यान तिच्या बापाचं नाहीये."

"नाहीये काय? बाप किल्ली देतो आणि मरतो. पहिल्या भागात."

नातीने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "कोणता बाप?"

दुसऱ्या दिवशी तिने मला पहिला भाग टीव्हीवर लावून दिला, हिंदी आवाजातला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो सिनेमा मी आपल्या कानांनी ऐकला. त्यात कुणी बाप नाही. कप्तान पोरगी शत्रूच्या तुरुंगात असते आणि तुरुंगाच्या अंगणातलं यान पळवते, बाकीच्या कैद्यांना घेऊन. तो किल्ली देणारा म्हातारा तुरुंगाचा जेलर आहे. तो किल्ली देतो कारण एका कैद्याने त्याच्या पाठीला चाकू लावलेला असतो. चाकू पडद्यावर स्वच्छ दिसतो. मला तेव्हाही दिसला असणार, पण कानात "बाप आहे, पोरीला निरोप देतोय" असं चाललं होतं, तर डोळे काय करतील?

मी सगळा भाग पाहिला आणि मग दुसराही पाहिला. दुसऱ्यात जो कप्तानचा मामा होता तो मामा नाही, इंजिनाचा मिस्त्री आहे. जिच्याशी कप्तानचं भांडण होतं ती तिची नणंद नाही. तिचं लग्नच झालेलं नाही. यजमानांचं इंग्रजी फायलींचं होतं. मसुदे ते सुरेख लिहीत, साहेब लोक त्यांच्याकडून लिहून घेत. पण पडद्यावरचे लोक भराभर बोलत आणि ते त्यांना पकडता येत नव्हतं. बायकोला "मला कळलं नाही" म्हणायचं नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्या यानाला नात्यागोत्यात बसवून टाकलं. तीन-चार तासांचं काम असतं तर गोष्ट वेगळी, पण दर भागाला मागची नाती लक्षात ठेवून पुढची लावायची, ही काही सोपी गोष्ट नाही. ती त्यांनी नीट निभावली, एवढं म्हणते. बाकी मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. एका जेलरचं मी चाळीस वर्षं दुःख केलं.

म्हणजे व्हिडिओत मी चुकीचं बोलले होते. ते मी नातीला तेव्हाच सांगितलं. "चुकलं माझं. यान बापाचं नव्हतं."

"मग प्रॉब्लेम सुटला," ती म्हणाली आणि आत जाऊन एक कागद घेऊन आली.

कागद ग्रुपच्या प्रमुखाने लिहून पाठवला होता. लोक फार चिडले आहेत, ग्रुप फुटायला आलाय, तेव्हा तो व्हिडिओ काढायचा आणि त्याच्या जागी आजीने हे वाचतानाचा दुसरा टाकायचा, असं त्याचं म्हणणं. नातीने मला मराठीत समजावून सांगितलं. माझं वय झालं आहे. मी शिकलेली नाही. सिनेमातलं मला काही कळत नाही, मी गमतीत बोलले. चाहत्यांच्या भावना दुखावल्याबद्दल हात जोडून माफी मागते.

"आणि नाही वाचलं तर?"

नात खाली बघायला लागली. ग्रुपचा दरवर्षी दिल्लीत मोठा मेळावा होतो. सगळे यानातल्या लोकांसारखे कपडे घालून येतात, स्टेज असतं, सूत्रसंचालन असतं. या वर्षी सूत्रसंचालन हिला मिळालं होतं. तीन वर्षं ती त्याची वाट बघत होती. कप्तानसारखा कोट हवा म्हणून आम्ही दोघी सरोजिनीच्या बाजारात जाऊन निळं कापड आणलं होतं आणि तो कोट मी शिवून दिला होता. मी कागद वाचला नाही तर स्टेज दुसऱ्या कुणाला जाणार होतं.

मुलगा ऑफिसमधून आला. त्याला सगळं कळल्यावर तो हसला. "आई, कशाला एवढं? वाचून टाक आणि विषय संपव. तू असंही सगळीकडे हेच म्हणतेस ना, मला काही कळत नाही."

ते खरं होतं. म्हणूनच मला ते लागलं.

सरोजिनी नगरात दारावर विम्याचा माणूस आला, गॅसचा माणूस आला, मतं मागणारे आले, शाळेतून मास्तरीणबाई आली, मी दारातच म्हणायची, "हमको कुछ नहीं समझता, साहब से पूछो." साहब म्हणजे कारकून. आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या बायका हेच म्हणायच्या, ज्या मॅट्रिक झाल्या होत्या त्यासुद्धा. त्याने काम टळायचं, भांडण टळायचं, कुणाला नाही म्हणावं लागायचं नाही. बँकेत सही करताना म्हणाले, दवाखान्यात म्हणाले, मुलाच्या लग्नाच्या बोलणीत म्हणाले. त्या प्रत्येक वेळी मला नीट कळत होतं. मुलाच्या लग्नात समोरचे काय लपवताहेत तेही मला कळलं होतं, आणि ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, कारण सूनबाई हे वाचेल.

सोयीचं होतं म्हणून म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. पण ते मी माझ्या तोंडाने, माझ्या कामासाठी म्हणत होते. दुसऱ्याने कागदावर लिहून माझ्यापुढे धरलं तेव्हा ते वाचायला कसं लागतं ते कळलं. आणि नेमका हा सिनेमा. बाकीचे सगळे भाग मी यजमानांच्या तोंडून पाहिले होते. हा पहिला होता जो हिंदीत लागला, आणि जो मी कुणी काही न सांगता पाहिला. तो आवडला हे माझं मी ठरवलं होतं.

"नाही वाचणार," मी म्हटलं.

"आई, पोरीचं नुकसान होतंय," मुलगा म्हणाला.

"होतंय. दिसतंय मला."

नात दोन दिवस बोलली नाही. चहा आणून ठेवायची आणि जायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "रविवारी सगळे मॉलमध्ये कॉफीला भेटतायत. तू चल आणि त्यांना तूच सांग. मी नाही सांगणार."

"चल."

मधल्या दिवसांत मी एकाच गोष्टीचा विचार केला. यान बापाचं होतं म्हणून मोडायचा तिला हक्क होता, असं मी बोलले होते. बाप गेला, तर मग हक्क कुठून आला? यजमानांची चूक होती म्हणून माझंही म्हणणं चूक झालं का? झालं असतं तर मी ते मान्य केलं असतं. मला चुकीचं धरून बसायची हौस नाही.

पण मी क्वार्टरमध्ये सत्तावीस वर्षं राहिले आहे. क्वार्टर कुणाच्या बापाची नसते. माणूस रिटायर होतो, थोडी मुदत मिळते, मग इन्क्वायरी ऑफिसचा माणूस यादी घेऊन येतो आणि नळ, बल्ब, दारं मोजून ताब्यात घेतो. आमची वेळ आली तेव्हा आम्ही आपलं लावलेलं काढून घेतलं. मच्छरांच्या जाळीचं दार, कूलरचा लोखंडी स्टँड, स्वयंपाकघरातली फळी. जाळीच्या दाराची लाकडं धाकट्या दिराच्या बाल्कनीला लागली. स्टँडवर अजून कुणाचा तरी कूलर असेल. वरच्या मजल्यावरची बाई मात्र निघेना. मुदत संपली, नोटीस आली, तरी भिंतीला हात लावून रडायची, "मेरे बच्चे यहाँ बड़े हुए." त्या घरात जी माणसं पुढे यायची होती ती सामान घेऊन नातलगांकडे पडून होती, त्यांनाही बच्चे होते. आता ते सगळे ब्लॉकच पाडले. उंच इमारती झाल्या. पाडताना जुने लोक येऊन फोटो काढत होते, डोळे पुसत होते. मीही गेले होते. मी ठेकेदाराला विचारलं, सागवानी चौकट विकतोस का. नाही म्हणाला.

तर रविवारी कॉफीच्या दुकानात आठ-नऊ जण होते. तिशीपर्यंतचे सगळे. प्रमुख जरा मोठा, कुठल्याशा आयटी ऑफिसात आहे, जॅकेटवर यानाचा बिल्ला. उठून त्याने मला खुर्ची दिली. मुलं वाईट नव्हती. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत लिहिते.

"आंटीजी, आधी एक सांगा," तो म्हणाला. "यान कुणाचं होतं?"

"तुरुंगातून पळवलेलं. परवाच कळलं."

एक मुलगी फिस्सकन हसली. प्रमुख हसला नाही. "म्हणजे तुम्ही जे बोललात ते चूक होतं."

"ते चूक होतं. माझ्या नवऱ्याने मला खोटं सांगितलं होतं. तेवढं कबूल."

"मग हे वाचायला काय हरकत आहे?" त्याने तोच कागद पुढे केला.

"यात लिहिलंय मला काही कळत नाही. मला एक गोष्ट चूक माहीत होती. तुम्हाला आयुष्यात एक गोष्ट चूक माहीत असली तर तुम्ही असं लिहून देता का?"

तो म्हणाला, "पण मुद्दा तोच आहे ना. यान तिच्या बापाचं नव्हतं. सगळ्यांचं होतं. मग तिला एकटीला मोडायचा काय हक्क?"

"सगळ्यांचं होतं म्हणून तर सगळ्यांना छप्पर मिळालं. बापाचं असतं तर तिने आपल्या एकटीचं घर बांधलं असतं."

मग सगळे एकदम बोलायला लागले. एक म्हणाला, यान तसंच उभं ठेवायचं, म्युझियम करायचं. मी म्हटलं, पोरं बाहेर थंडीत आणि यान कुलपात? दुसरा म्हणाला, दुसरं छोटं यान मोडायचं होतं, आणि मग ते कसं, कुठल्या खोलीतलं, कुठल्या भागात दाखवलेलं यावर त्यांच्यातच जुंपली. मला दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची बस आठवली. जानेवारीत ती पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला, जायची. जाताना सगळे गप्प, आणि येताना बसमधले झाडून सगळे कारकून अडीचशे वर्षांपूर्वीची लढाई कशी लढायला हवी होती ते एकमेकांना ओरडून सांगत. इकडून वळायचं होतं, तिकडे थांबायचं होतं. दरवर्षी. मेलेला एकही माणूस परत उठला नाही.

ते मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांना काला अंब माहीत नव्हतं.

कोपऱ्यातला एक मुलगा तोवर काही बोलला नव्हता. तो म्हणाला, "आंटीजी, मी पहिला भाग पप्पांबरोबर पाहिला. कॅसेटवर. ते यान म्हणजे माझ्यासाठी पप्पा आहेत. ते आता नाहीत. त्याचे पत्रे निघताना मला बघवेना. तुम्ही म्हणता रडता काय. तुमचं काय गेलं असतं गप्प बसला असता तर?"

त्याचं म्हणणं खरं होतं आणि त्याला थट्टेने उत्तर देणं मला जमलं नसतं.

"माझेही नाहीत," मी म्हटलं. "माझा नवरा. त्यांनीच मला सगळे भाग दाखवले. त्यांनी सांगितलेला बाप तुमच्या सिनेमात नाही, असं मला परवा कळलं. मग मी काय करू? ते गेले म्हणून तो बाप खरा धरून बसू?"

त्याने आपला कप बाजूला सरकवला.

"तू रड," मी म्हटलं. "रडू नको असं मी म्हटलं ते चुकलं, रडायला कुणाची परवानगी लागत नाही. पण तुला रडू आलं म्हणून सिनेमा वाईट झाला, आणि मला आवडला म्हणून मी अडाणी झाले, हे मी लिहून देणार नाही."

प्रमुखाने कागदाची घडी केली. हळू आवाजात, मान राखून म्हणाला, "आंटीजी, आप नहीं समझेंगी."

"मी समजले आहे," मी म्हटलं. "तुम्हाला पटलं नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मग मी कॉफी संपवली. ती कडू होती.

मेट्रोत नात माझ्या शेजारी बसली होती. मी तिची समजूत घातली नाही. स्टेज तिला हवं होतं, ते माझ्या बोलण्यावरून जाणार होतं, आणि तरी मी बोलणं मागे घेत नव्हते. यात समजूत घालण्यासारखं काय होतं? गोड बोलून मी फक्त माझं मन हलकं केलं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जायच्या आधी ती माझ्या खोलीत आली, फोन हातात.

"बस नीट," म्हणाली. "उजेडाकडे तोंड कर. काय चुकलं आणि काय नाही ते सांग. तुझ्या शब्दांत. लंबा नको."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं. चल, उशीर होतोय."

मी बोलले. यान बापाचं नव्हतं, ते मी चुकीचं सांगितलं. कुणी रडत असेल तर मी त्याला रडू नको म्हणायला नको होतं. यान मोडलं ते मात्र बरोबर केलं, आणि बापाचं नव्हतं म्हणून आणखीच बरोबर केलं. हे मी चौथी शिकलेली बाई पूर्ण समजून बोलते आहे. एवढंच.

नातीने ते एकदा पाहिलं. मला वाटलं ती अजून विचार करेल, बापाला विचारेल. तिने तिथेच उभ्या उभ्या ते ग्रुपच्या पानावर टाकलं, पहिल्या व्हिडिओच्या खाली, आणि पहिलाही काढला नाही. मग दप्तर उचलून गेली.

दुपारी ती घरी आली तेव्हा ग्रुपमधून तिला काढलेलं होतं. दोन्ही व्हिडिओही गेले होते, पण लोकांनी ते आधीच उतरवून घेतले होते आणि ते इकडून तिकडे फिरत होते. मेळाव्याचं सूत्रसंचालन त्या फिस्सकन हसणाऱ्या मुलीला मिळालं.

नात माझ्या पलंगावर येऊन बसली. डोळे लाल होते. "तुझ्यामुळे गेलं माझं स्टेज," म्हणाली.

"माझ्यामुळे नाही. तू टाकलास म्हणून गेलं."

"तू ना आजी, खरंच, बिल्कुल—" तिला शब्द सापडला नाही. मराठीत नाही, हिंदीतही नाही. मग नाक पुसून म्हणाली, "आणि एक सांगून ठेवते. मला तो सिनेमा आवडलेला नाही. तेव्हाही नव्हता आवडला, आताही नाही. तू इतकं बोललीस म्हणून मी बदलणार नाहीये."

"बदलू नकोस. काय आवडलं नाही ते सांग."

"आता?"

"मग कधी?"

तिने पाय वर घेतले, मांडी घातली आणि सांगायला लागली. तिचे तीन मुद्दे होते. दोन मी तिथल्या तिथे खोडून काढले. तिसरा कप्तानबद्दल आहे, ती शेवटी कुणालाच काही न विचारता पाना उचलते त्याबद्दल. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे, आणि त्यात ती हरेल असं मला वाटतं.